मानव विकास येऊन राहिली

इरा, परवा तू फोनवर तुझा शाळेतला नकाशा दाखवलास. विकसित देश हिरवे आणि विकसनशील देश पिवळे. मग मोठ्या काळजीने म्हणालीस, "आजी, तू पिवळ्यात आहेस." मागून निषाद नाचायला लागला, "आजी यलो! आजी यलो!" मी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. तुम्ही दोघं केवढ्यांदा किंचाळलात! हात खरोखरच मनगटापर्यंत पिवळे होते. मार्च चालू आहे, आमच्याकडे हळद निघते आहे, आणि हा रंग कुठल्याही साबणाला दाद देत नाही. तो त्याच्या मर्जीने जातो, साधारण पाडव्याच्या आसपास.

हसण्याच्या भरात तुझा प्रश्न राहून गेला. तू विचारलं होतंस, "डेव्हलपिंग म्हणजे रोज नक्की काय होतं, आजी? सकाळी उठल्यावर काय होतं?"

प्रश्न आला की आधी व्याख्या लिहायची, ही माझी जुनी सवय. वही काढली, समास आखला, पेन्सिलला टोक केलं. व्याख्या काही सुचेना. खिडकीतून उकडत्या हळदीची वाफ आत येत होती. ओल्या मातीचा, आल्याचा आणि कसल्याशा गोडसर कंदाचा मिळून जो वास होतो तो. या वासात बसलं की मला एकच मार्च आठवतो. तुम्ही दोघं तेव्हा फार लहान होतात. व्याख्या राहू दे, तो मार्चच सांगते.

आमच्या भागात हळदीचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम बरोबर एकाच वेळी येतात. शेतात बायांची रांग असते. ट्रॅक्टरने उकरलेल्या कंदांवरची माती झाडायची, मधले जाड गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे. त्या वर्षी त्या रांगेच्या टोकाला, बांधावर पालथ्या घातलेल्या टोपलीवर, दहावीचं पुस्तक उघडं असायचं. ते शीतलचं. शाळेतून आली की ती आईला हातभार लावायला थेट शेतात यायची. आई, सुमन, आमच्याकडे वेचणीला होती. विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. शीतलचे वडील हैदराबादला इमारतींच्या कामावर, वर्षातून दोनदा येणारे, पण घरातला प्रत्येक निर्णय फोनवरून घेणारे.

सुमनला वाचता येत नव्हतं. तरी ती लेकीची उजळणी घ्यायची. हाताने वेचणी चालू आणि कान शीतलच्या तोंडाकडे.

"थांबलीस. चूक."

"अगं आई, श्वास घेतला."

"श्वास पेपर झाल्यावर घे."

मी इतकी वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण इतकी सोपी आणि इतकी खात्रीची तपासणी मला कधी जमली नाही. पोर अडखळली की सुमनला कळायचं. विषय इतिहास असो की विज्ञान, तिला फरक पडत नव्हता.

शेताच्या कडेला कुकर धडधडत असायचा. नाव घरातल्या भांड्याचं असलं तरी ते यंत्र आपल्या स्वयंपाकघरात मावणार नाही एवढं असतं. चार मोठी पिंपं, मध्ये पाण्याची टाकी, खाली जाळ. वाफेवर हळद शिजते. तुमचे आजोबा फडक्यात रताळी बांधून हळूच एका पिंपात सोडायचे. हळदीबरोबर शिजलेलं रताळं आतून केशरासारखं होतं आणि थोडं कडू लागतं. ते आवडतं असं आम्ही सगळे म्हणतो. खरं तर ते फक्त त्या दिवसांत, त्या वाफेत उभं राहूनच आवडतं. एकदा मी घरी नेऊन ताटलीत वाढलं तर आजोबांनी स्वतःच ते बाजूला सारलं.

आता रस्त्याचं सांगते, कारण सगळं घडलं ते रस्त्यावर.

आमचं गाव पुसेगावच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. ते तीन किलोमीटर म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. डांबरी रस्ता व्हावा म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज केले. निळ्या फाइलीत त्यांच्या प्रती लावलेल्या आहेत, तारखेप्रमाणे. शेवटी रस्ता झाला. काळा, तुळतुळीत, दोन्ही कडांना मुरूम. पहिल्या दिवशी सुमन त्याच्यावरून चालली तेव्हा तिने चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, "अगं, रस्त्यासाठीच तर चपला असतात." ती म्हणाली, "नवा हाय बाई. मळंल."

त्या एकाच रस्त्याचा प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. मुलांना खेळपट्टी मिळाली. कुत्र्यांना थंडीतली ऊबदार गादी मिळाली. आजोबांना संध्याकाळी हात मागे बांधून चालायला जागा मिळाली. आठवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना बस मिळाली.

ती बस म्हणजे एक गंमतच. मुलींना शाळेत फुकट नेणारी निळी बस, आणि तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मानव विकास'. योजनेचं नाव आहे ते. पण आमच्या गावात तेच बसचं नाव झालं. सकाळी आठच्या सुमाराला घराघरातून ऐकू यायचं, "मानव विकास आली का गं?" "न्हाई, आज मानव विकास पंक्चर हाय." "मानव विकास भरून गेली, उभं राहाय जागा न्हाई." एकदा आजोबा ओट्यावर पेपर मोठ्याने वाचत होते की मानव विकासाच्या बाबतीत आपला देश फार मागे आहे. शेजारचे मारोतराव तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "मागं कुठं? पुलावर हाय. आत्ता हॉर्न ऐकला मी."

आजोबा इतके हसले की पेपरची घडी चुकली.

मी हसले आणि मग दिवसभर तेच वाक्य घोळवत राहिले. शाळेत मुलांना चालू वर्तमानकाळ शिकवताना पाठ्यपुस्तकातली वाक्यं कोरडी वाटायची. आमच्या बोलीत मात्र तो काळ जिवंत आहे. पुण्याकडे 'येतोय' म्हणून मोकळे होतात. आमच्याकडे माणूस 'येऊन राहिला' असतो. म्हणजे निघाला आहे, वाटेत आहे, थांबलेला नाही, पोचलाही नाही, आणि तुम्ही चहा ठेवायला हरकत नाही. गल्लीतून पळत पळत लहान मुली ओरडत यायच्या, "मानव विकास येऊन राहिली! मानव विकास येऊन राहिली!" आणि मोठ्या मुली अर्धी वेणी हातात धरून धावायच्या. इरा, तुझ्या नकाशातल्या 'विकसनशील' या शब्दाचं याहून चांगलं भाषांतर मला अजून सापडलेलं नाही.

रस्त्याचा आणखी एक अर्थ फेब्रुवारी सरता सरता लागला. शिजलेली हळद उन्हात वाळवावी लागते, दहा-बारा दिवस तरी. आणि उन्हात तापलेल्या डांबराएवढी चांगली जागा पृथ्वीवर दुसरी नाही. खालून चटका, वरून चटका. मातीवर वाळायला जितके दिवस लागतात त्यापेक्षा डांबरावर दोन दिवस कमी. हा शोध आधी कुणी लावला यावर वाद आहे. मला माहीत आहे. तो शोध तुमच्या आजोबांनी लावला.

मी म्हटलं, "अहो, हा रस्ता आहे."

ते म्हणाले, "व्हय ना. अर्ज तूच लिहिले ना? मंग आपला पहिला हक्क."

आणि मी गप्प बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे. हळदीचा तो पिवळा पट्टा इतका सुंदर दिसत होता, काळ्या डांबरावर सोन्यासारखा, की मी मोबाइलवर फोटो काढून तुमच्या आईलाही पाठवला. चार दिवसांत अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. गावाबाहेरच्या पुलापासून गावातल्या प्राथमिक शाळेपर्यंत पिवळं. प्रत्येकाने आपल्या ढिगाच्या कडेला दगड मांडले, बोराटीच्या काटेरी फांद्या टाकल्या. मधून एक सायकल कशीबशी जायची. सुमननेही तिचा सर्वा तिथेच पसरला होता. वेचणी झालेल्या रानात मागे राहिलेलं जे हळकुंड न् हळकुंड बाया वेचून आणतात, तो सर्वा. तिचा ढीग एका चादरीएवढा.

मंगळवारी बस आली. ड्रायव्हर, ज्यांना सगळ्या मुली मामा म्हणतात, त्यांनी पुलापासून इंच इंच गाडी आत आणली. शाळेजवळ वळवताना मागचं चाक मारोतरावांच्या हळदीवरून गेलं. चुरा झाला. मारोतराव बससमोर आडवे झाले, खरोखरच आडवे, टोपी छातीवर ठेवून.

"घाला माझ्यावरून! हळदीवरून घातली तं माझ्यावरून बी घाला!"

मामा शांत माणूस. खाली उतरून म्हणाले, "बाबा, तुमी रस्त्यात वाळत घातलं म्हणून चाक गेलं. उद्यापासून मी फाट्यावरूनच वळवीन. मला तकलीफ नको आन तुमाला नको."

बुधवारपासून मानव विकास फाट्यावर थांबू लागली.

तीन किलोमीटर काही फार नसतात. मी स्वतः लहानपणी याहून जास्त चालले आहे. पण फाट्यापर्यंतच्या वाटेवर एकही घर नाही, आणि फाट्यावर नवा ढाबा झालेला. तिथे दुपारपासूनच टोळकी बसलेली असायची. दोन घरांनी लगेच मुलींना शाळेतून काढून घेतलं. बुधवारी संध्याकाळी सुमन माझ्याकडे आली, पदर तोंडाला लावून.

"बाई, हिच्या बापाचा फोन होता. त्याला कोणीतरी सांगितलं. म्हणून राहिले, गावात गाडी येत आसंल तं पेपर देऊ दे, पुढं अकरावीला बी घालू. न्हाई तं पेपर बी नको, तिला हिकडं घेऊन ये. साइटवर सैपाकाला होईल."

पहिला पेपर सोमवारी होता. शीतल दारात उभी होती, पुस्तक छातीशी. रडली नाही. एवढंच विचारलं, "आजी, मी चालत जाईन. मला काहून न्हाई जाऊ देत?" मी काय केलं ते सांगायला आता थोडी लाज वाटते. मी खडू घेतला.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मी गुरुवारी सकाळी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती. मानव विकासाच्या मार्गात अडथळा आणू नये. मानव विकासासाठी आपापली जागा तत्काळ मोकळी करून द्यावी.' ऱ्हस्व-दीर्घ तपासले. खाली रेघ मारली.

गुरुवारी कुणी काही हललं नाही. शुक्रवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमली. पाच-सहा जण, गंभीर चेहऱ्याने. मारोतरावांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला सातबारा.

"वैनी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मानव विकासवाले किती जागा घेऊन राहिले?"

"म्हणजे?"

"न्हाई, माझा रस्त्याकडंचा तुकडा जाईल का मागचा? मागचा गेला तं चालंल, तिथं खडक हाय. आन मोबदला काय म्हणून राहिले?"

दुसरा म्हणाला, "घरातल्या एकाला नोकरी बी देतात म्हणं."

इरा, निषाद, मी तिथेच पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एवढं शिकून, एवढी शुद्ध मराठी लिहून, मी गावाला कळवलं होतं की सरकार जमिनी घेणार आहे. आजोबा आतून विचारत होते, "काय झालं? काय झालं?" मला सांगता येईना.

"अहो मारोतराव, बस! मानव विकास म्हणजे आपली बस! तिला यायला जागा पाहिजे!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मारोतरावांनी सातबारा पुन्हा पिशवीत घातला, नीट घडी करून, आणि म्हणाले, "मंग बस म्हणा की वैनी! बस लिहाय काय खडू ज्यादा लागतो का?"

आता सगळेच हसत होते. पण हसून झाल्यावर मारोतराव उठले नाहीत. ते म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पोरींची गाडी हाय. पण मला सांगा, माझ्याकडं खळं न्हाई. सुमनकडं न्हाई. ह्या चौघांकडं न्हाई. रस्ता सोडला तं हळद काय पाठीवर वाळवू? आन तुमाला येवढं सिमेंटचं खळं हाय, तरी सगळ्यात लांब ढीग कुणाचा हाय रस्त्यावर?"

आतून येणारा आजोबांचा आवाज थांबला.

मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. गरिबी का हटत नाही, योजना का फसतात, माणसं आपलंच हित का ओळखत नाहीत, यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलेलं वाचून मी बाजूला पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. त्यांतल्या एकाही पानावर मला माझं खळं दिसलं नव्हतं. ज्यांच्याकडे जागा नव्हती ते रस्त्यावर नाइलाजाने आले होते. आम्ही दोन दिवस वाचवायला आलो होतो. आणि आम्ही आलो म्हणूनच बाकीच्यांना ते रीतसर वाटलं. बाईंचीच हळद रस्त्यावर आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

संध्याकाळी मी आजोबांना म्हटलं, "खळं सगळ्यांना द्यायचं." खळ्यावर तेव्हा ठिबकच्या जुन्या नळ्या, मोडका नांगर, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, आणि आजोबांचा 'कधीतरी लागेल' या नावाखाली ठेवलेला सगळा संसार होता.

ते पेपरमागून म्हणाले, "अर्ज कर."

मी केला. 'प्रति, खळ्याचे मालक. विषय: खळे रिकामे करून मिळणेबाबत.' सविनय, क्रमवार, कारणं तीन. पहिलं कारण शीतल. दुसरं कारण आपण. तिसरं कारण लिहिलं की अर्जदार गेली पंचेचाळीस वर्षे आपल्याकडे स्वयंपाक करीत असून आजवर एकही अर्ज केलेला नाही. आजोबांनी चष्मा लावून संपूर्ण वाचला. मग पेन मागितलं आणि कोपऱ्यात लिहिलं, 'मंजूर.' खाली सही. सहीखाली आणखी एक ओळ: 'नांगराला हात लावू नये.'

निळ्या फाइलीतला, ज्याला एका दिवसात उत्तर आलं असा हा एकमेव अर्ज.

शनिवारी मी शीतलला आजोबांच्या स्कूटरवर मागे बसवून फाट्यावर पाठवलं. मामांना निरोप द्यायला. मामा म्हणाले, "काका, मी तोंडावर विश्वास ठेवत न्हाई. सोमवारी पुलावर येतो. तिथून बघीन. काळं दिसलं तं आत येईन. पिवळं दिसलं तं तिथूनच माघारी." शीतलने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. दहावीच्या कुठल्याही उत्तरात ती इतकी अचूक नव्हती.

रविवार. त्या रविवारबद्दल मी रोज लिहीत राहिले तरी मला कंटाळा येणार नाही.

पहाटेच नळ्या हलल्या, कुटार हललं, नांगर सन्मानाने बाजूला उभा राहिला. मग प्रश्न आला की सगळ्यांची हळद एका खळ्यावर आली तर कुणाची कुठली हे कसं कळणार? हळकुंडावर काही नाव नसतं. दोन जण आत्ताच एकमेकांकडे संशयाने बघायला लागले होते. आणि तिथे, मुलांनो, तुमच्या आजीला तिच्या आयुष्यातलं खरं काम सापडलं. मी खडू आणि दोरी घेतली आणि खळ्यावर चौकोन आखले. परीक्षेच्या वर्गात आखतात तसे. प्रत्येकाला आसन क्रमांक दिला. मधून चालायला एक हात वाट. दाराशी कागद लावला: क्रमांक एक, सुमन. क्रमांक दोन, मारोतराव. आमचा क्रमांक शेवटचा.

मारोतराव कागद वाचून म्हणाले, "हॉल तिकीट न्हाई दिलं, वैनी."

सुमन पहिली आली. तिचा ढीग सगळ्यात लहान, दोन टोपल्यांत आटपला. तो ठेवून ती परत रस्त्यावर गेली आणि काही न बोलता मारोतरावांची हळद भरायला लागली. मग वेचणीच्या सगळ्या बाया आल्या. डोक्यावर टोपल्या, खाली पाय भराभर, आणि तोंडं त्याहून भराभर. पिवळ्या धुळीत सगळ्यांच्या पापण्या पिवळ्या. एकीने आजोबांच्या पांढऱ्या धोतराला पिवळा हात पुसला, चुकून म्हणे. दुसरी म्हणाली, "राहू द्या, हळद लागली. आता नवरी बघा यांना." आजोबा एवढे लाजले की मलाच हसू आवरेना. शीतल चौकोनात बसून हळकुंडं पसरत होती आणि सुमन येता-जाता विचारत होती, "समानार्थी शब्द." "कशाचा?" "कशाचा बी सांग. थांबू नको."

सूर्य कलला तेव्हा रस्त्यावर एकही हळकुंड नव्हतं. दगड उचलले होते, काटे उचलले होते. खळं पिवळ्या चौकोनांच्या गोधडीसारखं पसरलं होतं, आणि त्याच्या कडेने माणसं उगाचच रेंगाळत होती. घरी जायची कुणाला घाई नव्हती.

सोमवारी सकाळी आठला सगळं गाव शाळेजवळ उभं. मुली गणवेशात. शीतलच्या हातात पट्टी, दोन पेनं, आणि तळहात अजून हळदीचेच. लहान मुलगी पळत आली, "येऊन राहिली! येऊन राहिली!" बस पुलावर आली.

आणि थांबली.

आम्ही बघत राहिलो. बस हलेना. सुमनने माझा दंड घट्ट धरला. मग माझ्या लक्षात आलं. हळद उचलली होती, पण दहा दिवसांचा रंग डांबरात मुरला होता. पुलापासून शाळेपर्यंत रस्ता अजून पिवळाच दिसत होता. मामा लांबून बघत होते आणि त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

मारोतरावांनी टोपी फेकली, कुणाच्या तरी हातातला खराटा घेतला आणि धोतर सावरत पुलाकडे पळत सुटले. वय सत्तरच्या पुढे.

"डाग हाय तो! मामा, डाग हाय! हळद न्हाई! हे बघा!" आणि रस्त्यावर खराट्याने फराफरा झाडून दाखवू लागले. झाडून दाखवायला खाली काहीच नव्हतं. मग ते खाली बसले, तळहाताने डांबर पुसलं आणि हात वर करून मामांना दाखवला. "डाग! नुस्ता डाग!"

बस क्षणभर तशीच राहिली. मग पुढे आली. मारोतराव तिच्यापुढे उलटे चालत, खराटा हलवत, तिला गावात घेऊन आले. शाळेजवळ वळवायची वेळ आली तेव्हा अख्खं गाव मागे उभं राहून मामांना सांगत होतं, "येऊ द्या! येऊ द्या! अजून येऊ द्या! बास!" ज्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती तोही मोठ्या अधिकाराने हाताने खुणा करत होता.

सुमनचा फोन वाजला. हैदराबादहून. तिने स्पीकर लावला.

"आली का खरंच? का मला बनवून राहिली तू?"

सुमनने फोन उचलून बसच्या तोंडाशी धरला. मामांनी वरून बघितलं, समजले, आणि हॉर्न दिला.

फोनमध्ये मागे कुठेतरी यंत्राचा आवाज, लोखंडावर लोखंड. मग शीतलचे वडील म्हणाले, "आणखी एकदा वाजवाय सांग."

मामांना वेळ गाठायची होती. तरी त्यांनी पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक, कुत्री उठून बसली एवढा. शीतल पायरीवर एक पाय ठेवून थांबली होती, आईच्या हातातल्या फोनकडे बघत.

"जाऊ दे तिला," फोनमधून आवाज आला. "अकरावीचा फॉर्म बी आणून ठेव."

शीतलने दुसरा पाय वर घेतला.